काखेतल्या ग्रंथींचा प्रश्न: सुरुवातीच्या स्तनकर्करोगात लसिका ग्रंथींची तपासणी, पायरीपायरीने

आमच्या दांडिया बाजारातल्या एका शेजारणीचा शस्त्रक्रियेनंतरचा रिपोर्ट घरी आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यातला एकच आकडा वाचला: चौदा. चौदा गाठी काढल्या म्हणजे कर्करोग चौदा ठिकाणी पसरला, असा अर्थ लावला गेला आणि दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवले नाही. प्रत्यक्षात काखेतून काढलेल्या चौदा लसिका ग्रंथी तपासल्या होत्या आणि त्यांपैकी एकीतच कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या. घोळ शब्दाचा होता. स्तनातल्या कर्करोगाला आपण गाठ म्हणतो, काखेतल्या निरोगी ग्रंथीलाही गाठच म्हणतो, आणि वडोदऱ्याच्या रुग्णालयात गुजरातीतून समजावून सांगणारी परिचारिकाही दोहोंसाठी ‘गांठ’ हाच शब्द वापरते. माझे सारे आयुष्य पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेले. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक असे रिपोर्ट घेऊन घरी येतात, आणि निम्म्याहून अधिक वेळा समजुतीचा पहिला अडथळा हाच असतो. म्हणून या लेखात स्तनातली ती ‘गाठ’ आणि काखेतली ती ‘ग्रंथी’, असा भेद मी शेवटपर्यंत पाळणार आहे.

दुसरी गोष्टही आधीच सांगते. काखेच्या बाबतीत प्रत्येक तपासणीपूर्वी आणि प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: याचे उत्तर ‘हो’ आले तर पुढच्या उपचारात काय बदलेल, आणि ‘नाही’ आले तर काय बदलेल? दोन्ही उत्तरांनंतर उपचार तोच राहणार असेल, तर ती तपासणी करावी की नाही याचा पुन्हा विचार करण्यास जागा असते. गेल्या पन्नास वर्षांत काखेवरची शस्त्रक्रिया लहान होत गेली आहे ती याच प्रश्नामुळे.

ग्रंथी काढण्यामागचा हेतू कसा बदलला

प्रत्येक काखेत साधारणपणे २० ते ३० लसिका ग्रंथी असतात. स्तनातून निघणारा लसिकाद्रव, म्हणजे पेशींभोवती झिरपणारे पाणी, बहुतांशी त्यांच्यातून गाळून पुढे जातो. थोडा भाग छातीच्या मधल्या हाडाजवळच्या ग्रंथींकडेही जातो. छातीच्या लहान स्नायूच्या संदर्भाने शल्यविशारद काखेच्या तीन पातळ्या मानतात: स्नायूच्या बाहेरच्या कडेची पहिली, स्नायूच्या मागची दुसरी आणि आतल्या बाजूला गळपट्टीच्या हाडाकडे जाणारी तिसरी. कर्करोगाच्या पेशी बहुधा याच क्रमाने वर चढतात, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याला हा क्रम उपयोगी पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळेच एकत्र काढले जाई. रोग स्तनातून काखेत आणि काखेतून पुढे शरीरात जातो, तेव्हा काख रिकामी केली की त्याची वाट बंद होते, अशी त्यामागची समजूत होती. ही समजूत तपासण्यासाठी बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये अमेरिकेत ‘बी-०४’ नावाची चाचणी सुरू झाली. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हते अशा स्त्रियांचे त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले गेले. एका गटात स्तनाबरोबर ग्रंथीही काढल्या, दुसऱ्यात स्तन काढून काखेला रेडिएशन दिले, तिसऱ्यात फक्त स्तन काढला आणि काख तशीच ठेवली. ग्रंथी काढलेल्या गटात सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्करोग सापडला, म्हणजे काख तशीच ठेवलेल्या गटातही जवळपास तितक्याच जणींच्या काखेत तो असणार. तरीही त्या गटातल्या सुमारे १८ टक्के स्त्रियांनाच पुढे काखेत रोग डोके वर काढल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली, आणि २००२ साली २५ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा तिन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे समजावताना मी जकात नाक्याचे उदाहरण देते. नाक्यावरची वही पाहिली की माल गावात आला की नाही आणि आला तर किती, हे कळते; वही जाळल्याने आलेला माल परत जात नाही. ग्रंथी ही ती वही आहे. केमो द्यावी का, कोणती द्यावी, रेडिएशन कुठपर्यंत द्यावे, हार्मोनच्या गोळ्यांबरोबर आणखी औषध लागेल का, हे त्या वहीवरून ठरते. रोगाने भरलेली, हाताला लागणारी ग्रंथी मात्र काढलीच पाहिजे किंवा तिच्यावर उपचार झालाच पाहिजे. तिथे हे उदाहरण संपते.

पहिली पायरी: हात, सोनोग्राफी आणि सुई

डॉक्टर काख हाताने तपासतात, पण त्या निष्कर्षावर फार भिस्त ठेवता येत नाही. ‘काही लागत नाही’ असे म्हटलेल्या कित्येक स्त्रियांच्या ग्रंथींत नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात, आणि उलटपक्षी हाताला लागणारी प्रत्येक ग्रंथी कर्करोगाची नसते. हाताला झालेली जखम, दंडावर नुकतीच घेतलेली लस आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा क्षयरोग, या सगळ्यांनी काखेतल्या ग्रंथी फुगतात. नुकतीच लस घेतली असल्यास ते सोनोग्राफीच्या आधी सांगावे.

सोनोग्राफी लिहून देताना ‘दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा’ असे चिठ्ठीवर स्पष्ट आहे ना, हे पाहावे. माझ्याकडे आलेल्या फाइलींत स्तनाचे सविस्तर वर्णन आणि काखेबद्दल एक ओळही नाही, असे रिपोर्ट मी अनेकदा पाहिले आहेत. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट असते, मधोमध चरबीचा पांढरा भाग आणि भोवती बारीक काळसर कड. ही कड ३ मिलिमीटरहून जाड झाली, मधली चरबी नाहीशी झाली किंवा ग्रंथी गोल झाली, तर संशय घेतला जातो. संशयास्पद ग्रंथी एक आहे, दोन आहेत की अधिक, हेही रिपोर्टवर लिहून घ्यावे, कारण काखेत किती शस्त्रक्रिया करायची याचा निर्णय पुढे त्या संख्येवरही अवलंबून राहतो.

संशय आला तर सोनोग्राफीत पाहत पाहतच त्या ग्रंथीत सुई घालून एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून घेणे) किंवा जाड सुईची बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) केली जाते. एफएनएसीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर ते उत्तर विश्वासार्ह असते. सापडल्या नाहीत, तर सुई योग्य जागी लागली नसेल ही शक्यता उरतेच, म्हणून ‘निगेटिव्ह’ हे पूर्णविराम मानू नये.

नातेवाईक बहुतेक वेळा विचारतात की पेट स्कॅनमध्ये काखेत काही दिसले नाही, मग ग्रंथी काढायच्या कशाला? काही मिलिमीटरांचे पेशींचे पुंजके पेट स्कॅनला दिसत नाहीत, हे त्याचे साधे उत्तर. लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्या प्रत्येक स्त्रीला पेट स्कॅनची गरजही नसते. तो खर्च करण्यापूर्वी वरचा प्रश्न जरूर विचारावा.

दुसरी पायरी: आधी शस्त्रक्रिया की आधी केमो

स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांचे निकाल आल्याशिवाय काखेचा बेत ठरवू नये. पहिल्या दोन गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगतात (‘हार्मोन पॉझिटिव्ह’), तिसरी हर-टू हे प्रथिन जास्त आहे का ते; तिन्ही नसतील तर ती ‘ट्रिपल निगेटिव्ह’. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार असेल आणि गाठ २ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा ग्रंथीत रोग सिद्ध झाला असेल, तर बहुधा केमो आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा क्रम ठेवला जातो. औषधाचा परिणाम डोळ्यांना दिसतो, आणि शस्त्रक्रियेत उरलेला रोग सापडला तर पुढचे औषध बदलता येते, हा त्याचा फायदा.

या वाटेवर एक चूक वारंवार होते आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही. केमोच्या आधी ज्या ग्रंथीत रोग सिद्ध झाला, तिच्यावर खूण केली जात नाही. केमोने रोग विरघळला की ती ग्रंथी इतर ग्रंथींसारखीच दिसू लागते आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नेमकी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बायोप्सीच्या वेळीच किंवा पहिल्या केमोपूर्वी त्या ग्रंथीत बारीक धातूची क्लिप बसवतात, काही ठिकाणी कोळशाच्या शाईचे टिंब देतात. ‘क्लिप बसवली का?’ हा प्रश्न पहिल्या केमोच्या आधी विचारला गेला पाहिजे. केमोनंतर काही मोजक्याच ग्रंथी काढून तपासायच्या झाल्या तर किमान तीन मिळणे, दोन वेगळ्या पद्धतींनी त्या शोधणे आणि क्लिप असलेली ग्रंथी त्यांत असणे, या तीन गोष्टींमुळे रोग नजरेतून सुटण्याचा धोका कमी होतो. ‘झेड-१०७१’ या अमेरिकी चाचणीत केमोनंतर दोन किंवा अधिक ग्रंथी तपासूनही हा धोका १२.६ टक्के निघाला होता आणि तो मान्य करण्यास जास्त मानला गेला; ही सगळी काळजी त्यातून आली. केमोनंतरही ग्रंथीत रोग उरला असेल, तर काख साफ करण्याचाच, म्हणजे तिथल्या ग्रंथी सरसकट काढण्याचाच, सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो.

तिसरी पायरी: काखेला हात लावायचाच आहे का

ही पायरी पूर्वी नव्हती. इटलीतून सुरू झालेल्या ‘साउंड’ चाचणीत २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटात सेंटिनल ग्रंथी (स्तनातला लसिकाद्रव सर्वांत आधी जिथे पोहोचतो त्या एक-दोन; पुढच्या पायरीत त्यांच्याविषयी) काढल्या, दुसऱ्यात काखेवर काहीच केले नाही. २०२३ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनंतर शरीरात इतरत्र रोग न पसरता राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे ९७.७ आणि ९८.० टक्के होते. २०२४ च्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ‘इन्सेमा’ चाचणीनेही तीच दिशा दाखवली. त्यातल्याही बहुतेक गाठी २ सेंटिमीटरच्या आतल्या होत्या.

त्यावरून आता रजोनिवृत्ती झालेल्या, ५० किंवा अधिक वयाच्या, २ सेंटिमीटरपर्यंतची हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि पहिल्या किंवा दुसऱ्या ग्रेडची (म्हणजे पेशी फार उग्र न दिसणारी) गाठ असलेल्या, सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या आणि स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीला काखेवरची शस्त्रक्रिया टाळण्याचा पर्याय दिला जातो. सत्तरीनंतरच्या अशाच स्त्रियांबाबत हा विचार त्याही आधीपासून होता. अटी बऱ्याच आहेत आणि त्यांतली एकही गाळून चालत नाही. ‘सोनोग्राफीत स्वच्छ’ ही अट तर सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर उभी आहे. माझे मत असे की, अनुभवी रेडिऑलॉजिस्टने नीट काख पाहिलेली नसेल, तर हा पर्याय निवडण्याची घाई करू नये.

स्तनाच्या नलिकांपुरताच मर्यादित असलेल्या, म्हणजे डीसीआयएस प्रकारच्या, रोगात स्तन वाचवणार असल्यास सहसा काखेची शस्त्रक्रिया लागत नाही. स्तन काढणार असल्यास मात्र सेंटिनल ग्रंथी तपासतात, कारण काढलेल्या स्तनात कुठे घुसलेला कर्करोग निघालाच तर नंतर सेंटिनल ग्रंथी शोधण्याची वाट उरत नाही.

चौथी पायरी: सेंटिनल ग्रंथी शोधणे

स्तनातून येणारा लसिकाद्रव ज्या एक-दोन ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचतो, त्यांना सेंटिनल, म्हणजे पहाऱ्यावरच्या, ग्रंथी म्हणतात. त्या स्वच्छ असतील तर मागच्याही स्वच्छ असण्याची शक्यता फार मोठी. डेव्हिड क्रॅग यांनी १९९३ मध्ये किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि आर्मांडो जुलियानो यांनी १९९४ मध्ये निळा रंग वापरून स्तनकर्करोगात ही पद्धत मांडली. पुढे ५,६११ स्त्रियांच्या ‘बी-३२’ चाचणीने २०१० मध्ये दाखवले की सेंटिनल ग्रंथी स्वच्छ असताना बाकीच्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही. याच चाचणीत सेंटिनल ग्रंथी स्वच्छ दिसूनही मागे रोग असण्याचे प्रमाण, रोग असलेल्या स्त्रियांमध्ये, ९.८ टक्के होते. हा आकडा ऐकून घाबरायला होते. पण प्रत्यक्षात काखेत रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण त्याहून खूपच कमी राहिले, कारण औषधे आणि रेडिएशन आपले काम करतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाजवळ टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन देतात. त्याचे अर्धे आयुष्य सहा तासांचे आहे, त्यामुळे घरी लहान मूल असले तरी शस्त्रक्रियेनंतर काळजीचे कारण उरत नाही. भूल दिल्यावर निळा रंग टोचतात, काही मिनिटे स्तन चोळतात आणि काखेत छोटा छेद घेऊन, गॅमा प्रोब या पेनासारख्या यंत्राचा आवाज ऐकत, निळी किंवा किरणोत्सारी ग्रंथी शोधतात. एक ते तीन ग्रंथी मिळणे नेहमीचे आहे. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग विशेष कॅमेऱ्याने पाहण्याची सोयही आता बऱ्याच ठिकाणी आहे. दोन पद्धती एकत्र वापरल्यास ग्रंथी न सापडण्याची वेळ कमी येते.

किरणोत्सारी द्रव्याची सोय प्रत्येक शहरात नसते, आणि तिथे मेथिलिन ब्लू हा स्वस्त निळा रंग बहुतेक भार उचलतो. त्याबद्दल काही गोष्टी आधी सांगणे आणि जाणून घेणे महत्त्वाचे आहे. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातल्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगावे, कारण या रंगाशी त्यांचा धोकादायक संयोग होऊ शकतो. जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असल्यास हा रंग रक्तपेशी फोडू शकतो. गर्भवती स्त्रीला तो देत नाहीत. रंग कातडीच्या फार वरच्या थरात गेला तर तिथली त्वचा मरू शकते, म्हणून शल्यविशारद तो खोलवर टोचतात. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस लघवी निळसर हिरवी होते, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा थोडा वेळ खोटा खाली उतरतो. हे कोणी आधी न सांगितल्याने बाथरूममधून घाबरून बाहेर आलेल्या एक काकू मला चांगल्या आठवतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आणखी एक वाट अभ्यासली आहे. तीत रंग किंवा यंत्र न वापरता काखेतल्या एका ठरावीक मज्जातंतूच्या खालचा, म्हणजे पहिल्या पातळीतल्या खालच्या भागातला, चरबीचा गोळाच ग्रंथींसकट काढून तपासतात. त्याला ‘लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग’ म्हणतात. रोग सुटण्याचे तिचे प्रमाण सेंटिनल पद्धतीच्या जवळपास निघाले. साधने कमी असलेल्या रुग्णालयासाठी ही पद्धत मोलाची आहे, आणि ‘आमच्याकडे गॅमा प्रोब नाही म्हणून सगळ्या ग्रंथी काढतो’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे राहत नाही.

पाचवी पायरी: फ्रोझन सेक्शन

हे माझ्या कामातले. शस्त्रक्रिया चालू असतानाच ग्रंथी प्रयोगशाळेत येते. आम्ही तिचे २ मिलिमीटरच्या अंतराने काप करतो, ते गोठवतो, पातळ चकत्या काढून रंगवतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास शस्त्रक्रियागृहात फोन करतो. २ मिलिमीटर हे अंतर सहज ठरवलेले नाही. त्याहून मोठा पुंजका एखाद्या तरी कापात सापडलाच पाहिजे, म्हणून ते ठरले. गोठवलेल्या पेशी मात्र विस्कटलेल्या दिसतात आणि लहान पुंजके निसटतात. त्यामुळे शस्त्रक्रियागृहातून ‘निगेटिव्ह’ ऐकलेल्या कुटुंबाला आठवडाभराने पॅराफिनच्या (मेणात बसवून केलेल्या) पक्क्या रिपोर्टात ‘सूक्ष्म प्रसार’ वाचायला मिळू शकतो. ही कोणाची चूक नसते आणि याची पूर्वकल्पना देणे डॉक्टरांचे काम आहे.

स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रियेत आता अनेक ठिकाणी फ्रोझन करतच नाहीत, कारण एक-दोन ग्रंथींत रोग असला तरी बाकीच्या लगेच काढायच्या नसतात. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘फ्रोझन पॉझिटिव्ह आले तर तुम्ही टेबलावरच काय कराल?’ हे विचारून घ्यावे, आणि उत्तर शक्यतो त्याच कागदावर लिहून घ्यावे. भूल दिलेल्या स्त्रीच्या वतीने बाहेर बसलेल्या दिराने किंवा मुलाने घाईत ‘हो’ म्हणण्याची वेळ येऊ नये.

सहावी पायरी: पक्का रिपोर्ट वाचणे

रिपोर्टात ‘१/१४’ असे लिहिले असेल तर चौदा ग्रंथी तपासल्या आणि एकीत रोग आहे, असा त्याचा अर्थ. पुंजका २ मिलिमीटरहून मोठा असेल तर तो मोठा प्रसार, ०.२ ते २ मिलिमीटर असेल तर सूक्ष्म प्रसार. त्याहूनही लहान, सुट्या पेशींचा समूह असेल तर ग्रंथी निगेटिव्हच धरली जाते, मात्र तशी नोंद केली जाते. मोठा प्रसार असलेल्या ग्रंथी १ ते ३ असतील तर एन-१, ४ ते ९ असतील तर एन-२, १० किंवा अधिक असतील तर एन-३. ग्रंथीचे आवरण फोडून पेशी बाहेरच्या चरबीत गेल्या आहेत का, हेही लिहिलेले असावे. काख साफ केलेली असेल, तर साधारणपणे किमान १० ग्रंथी मोजलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. केमोनंतर संख्या कमी भरू शकते. संख्या फारच कमी असेल तर काढलेला ऊतक पुन्हा तपासता येतो का, असे प्रयोगशाळेला विचारण्यात संकोच नको. चरबीत लपलेल्या ग्रंथी शोधणे हे बोटांचे काम आहे आणि थकलेल्या बोटांतून त्या निसटतात.

सातवी पायरी: ग्रंथीत रोग निघाला तर

इथे ‘झेड-००११’ या चाचणीने जुनी रीत मोडली. ५ सेंटिमीटरपर्यंतची गाठ, स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया, पूर्ण स्तनाला रेडिएशन आणि एक किंवा दोन सेंटिनल ग्रंथींत रोग, अशा ८९१ स्त्रियांपैकी निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची तशीच ठेवली. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण काख साफ केलेल्या गटात ८३.६ टक्के आणि न केलेल्या गटात ८६.३ टक्के निघाले. काख साफ केलेल्या गटात २७ टक्के स्त्रियांच्या उरलेल्या ग्रंथींतही रोग होता, म्हणजे दुसऱ्या गटातल्या कित्येक जणींच्या काखेत तो मागे राहिला होता. तरी नुकसान झाले नाही. म्हणून या अटींत बसणाऱ्या स्त्रीला काख साफ करण्याचा सल्ला मिळाला, तर कारण विचारावे.

या अटींबाहेरच्या, विशेषतः स्तन काढलेल्या, स्त्रियांसाठी ‘अमारोस’ चाचणीचा आधार मिळतो. तीत काख साफ करण्याऐवजी काखेला रेडिएशन दिले. २०१४ च्या निकालात काखेत रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे फारच कमी राहिले, आणि पाच वर्षांनी हात सुजण्याची चिन्हे शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के स्त्रियांत, रेडिएशनच्या गटात ११ टक्के स्त्रियांत दिसली. तीन किंवा अधिक सेंटिनल ग्रंथींत रोग, आधीपासून हाताला लागणाऱ्या अनेक ग्रंथी, किंवा रेडिएशन घेणे शक्य नसणे, अशा वेळी पहिल्या दोन पातळ्या साफ करणे आजही योग्य ठरते. रेडिएशनचे यंत्र दूर असल्याने स्त्री मधेच उपचार सोडेल अशी भीती असेल, तर तेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. रेडिएशन पूर्ण होणार या भरवशावरच वरचे सगळे आकडे उभे आहेत. वडोदऱ्याजवळ गोरजच्या कैलास कॅन्सर हॉस्पिटलात किंवा अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जाण्यायेण्याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधी मांडावा, नंतर नव्हे.

ग्रंथींची संख्या औषधही ठरवते. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रोगात रजोनिवृत्तीनंतर १ ते ३ ग्रंथींत रोग असेल, तर गाठीवरच्या जनुकीय चाचणीचा गुण (रोग परतण्याच्या धोक्याचा आकडा) कमी आल्यास केमो टाळता येते. चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, तर हार्मोनच्या गोळ्यांबरोबर अबेमासिक्लिब या औषधाचा विचार होतो.

आठवी पायरी: हात

सेंटिनल पद्धतीनंतर साधारण वीसात एका स्त्रीचा हात पुढे सुजतो. काख साफ केल्यावर हे प्रमाण पाचात एक इतके होते. लठ्ठपणा आणि काखेचे रेडिएशन यांनी ते आणखी वाढते. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचे घेर कोपराच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर टेपने मोजून वहीत लिहावेत, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? दंडाच्या आतल्या बाजूचा बधिरपणा तिथून जाणारा मज्जातंतू कापला गेल्याने किंवा ताणला गेल्याने येतो. तो काही अंशी कमी होतो, पूर्ण जाईलच असे नाही. पाठीमागचे फऱ्याचे हाड पंखासारखे बाहेर येऊ लागले तर शल्यविशारदांना लगेच दाखवावे.

काख साफ केल्यावर ड्रेनची नळी असते. रोज ठरलेल्या वेळी मिलिलिटर लिहावेत. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर ती काढतात. पहिला आठवडाभर हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यावा आणि मग भिंतीवर बोटे चढवत रोज थोडा वर न्यावा. आपल्या घरांत ‘हात हलवू नकोस’ असे मायेने सांगणाऱ्या सासवा आणि आत्या खूप. खांदा त्यानेच आखडतो. काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या दोऱ्या लागल्या तर त्या फिजिओथेरपीने सुटतात. पोळ्या लाटणे, केस विंचरणे ही कामे टाके भरल्यावर सुरू करावीत, फोडणीचा चटका आणि सुरीचा काप यांना मात्र जपावे. त्या हाताला लाली, ताप आणि कळ एकदम आली, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण समजून त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झाले पाहिजे. अंगठी किंवा बांगडी घट्ट वाटू लागली की मोजलेले घेर काढून ताडून पाहावेत. सूज लवकर सापडली तर दाबाच्या स्लीव्हने (हातावर चढवायच्या घट्ट बाहीने) ती आटोक्यात राहते.

कागद, स्लाइड आणि ब्लॉक

दुसरे मत घेण्यासाठी मुंबईला जायचे ठरले, की वडोदऱ्याची माणसे रिपोर्टाच्या झेरॉक्स घेऊन गाडीत बसतात आणि तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो ब्लॉकचा. ग्रंथीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, तो ब्लॉक; त्यावरून काढलेली चकती, ती स्लाइड. हर-टू किंवा अन्य तपासणी पुन्हा करायची तर ब्लॉकच लागतो. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज केल्यावर तो मिळतो, पण अर्ज आणि आदानप्रदानाला एक-दोन दिवस जातात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी अर्ज करावा. गाठीचे आणि ग्रंथींचे ब्लॉक वेगवेगळे असतात. दोन्हींचे क्रमांक रिपोर्टावर पाहून मागावेत. मेण उन्हात मऊ होते, तेव्हा मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, हातातल्या पिशवीत न्यावेत.

गुजरातमध्ये पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. राज्याबाहेर ते कोणत्या उपचाराला चालेल, हे तिथल्या रुग्णालयाच्या योजनेच्या खिडकीवर फोन करून आधी विचारावे. ब्लॉक परत आणून प्रयोगशाळेत जमा केल्यावर पोहोचपावती घ्यावी आणि ती घेराच्या नोंदींच्या वहीतच डकवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी दोन्ही एका ठिकाणी सापडतात.